चेक इंजिनचा दिवा, फ्युएल पंप आणि रिकॉल: पैसे कोणी भरायचे?

गोदाकाठ

मंडळी, विषय गाडीचा आहे, पण डोकेदुखी वर्कशॉपची.

माझी २०२० ची पेट्रोल हॅचबॅक आहे, पन्नास हजार किलोमीटरच्या आत चाललेली. वॉरंटी संपली आहे, वाढीव वॉरंटी घेतली नव्हती. गेल्या महिन्यात चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी चालते, पण सिग्नलला उभी राहिली की थरथरते. नाशिकच्याच अधिकृत वर्कशॉपला दाखवली. सर्व्हिस ॲडव्हायझरने (काउंटरवर गाडी घेणारा) स्कॅनर लावला आणि दहा मिनिटांत निकाल दिला, "सर, फ्युएल पंप गेलाय, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल." पंप, मजुरी, कर सगळं धरून साडेचौदा हजार.

याच कंपनीने याच मॉडेलच्या गाड्या फ्युएल पंपासाठी परत बोलावल्या होत्या. पेपरात बातमी आली होती. आमच्याच सोसायटीतल्या एकाचा पंप त्यात फुकट बदलून झालाय. मी तसं म्हटल्यावर ॲडव्हायझरने माझा चासी नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली: तुमची गाडी या कॅम्पेनमध्ये नाही. तेच मॉडेल, तोच पंप, फक्त माझी गाडी काही महिने नंतरची.

तर माझी गाडी रिकॉलमध्ये बसते की नाही हे नक्की कोण ठरवतं? डीलर टाळाटाळ करतोय की खरंच त्याच्या हातात काही नाही? आणि पैसे भरण्याआधी मी काय करायला हवं? अजून कामाला होकार दिलेला नाही.

खडूस_पुणेकर

दिव्यावर काळी चिकटपट्टी लावा. दहा रुपयांत काम. शिल्लक १४,४९० मध्ये आम्हाला मिसळ.

वेताळटेकडी

वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडेही दिवा लागलाय, पण एअरबॅगचा. सवडीने लिहितो.

तेलकट_हात

गोदाकाठ, मी बरीच वर्षं कोल्हापूर-सांगलीकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या वर्कशॉपात ॲडव्हायझर होतो. आता स्वतःचं गॅरेज आहे. तेव्हा दोन्हीकडचं बोलतो.

रिकॉलची यादी कंपनीची असते. चासी नंबर टाकला की कॅम्पेन 'ओपन' दिसतं किंवा दिसत नाही. दिसत नसेल तर डीलरने मनात आणलं तरी ते काम रिकॉलखाली टाकता येत नाही, सिस्टीम क्लेमच घेत नाही. त्या बाबतीत तो पोरगा खोटं बोलत नसावा. तरी त्याच्या स्क्रीनवर विसंबू नका. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून स्वतः बघता येतं. शोधताना 'सर्व्हिस कॅम्पेन' या नावाखाली बघा.

डीलरचं गणित असं आहे. वॉरंटी आणि रिकॉलच्या कामाचे पैसे कंपनी देते, पण गिऱ्हाइकाला लावतात त्यापेक्षा कमी दराने आणि ठरवून दिलेल्या तासांपुरतेच. बोल्ट गंजला म्हणून दुप्पट वेळ गेला तर तो डीलरच्या खिशातून. काढलेला पार्ट टॅग लावून ठेवायचा, कंपनीने मागितला की पाठवायचा. तिकडून 'पार्ट ठीक आहे' असा शेरा आला की क्लेम नामंजूर, भुर्दंड डीलरला. त्यामुळे वॉरंटीचं काम असलं की हेच लोक चार वेळा तपासतात, आणि गिऱ्हाईक पैसे देणार असलं की दहा मिनिटांत असेंब्ली बदलायला निघतात.

तुमच्या पोस्टमध्ये मला तीच दहा मिनिटं खटकली. स्कॅनर कधीही 'पंप गेला' असं सांगत नाही. तो एक कोड दाखवतो, पुढचं डोकं माणसाने चालवायचं असतं. कोड काय होता? जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या कागदावर, लिहिलाय का?

गोदाकाठ

जॉब कार्डवर फक्त 'चेक इंजिन लाइट ऑन' आणि खाली 'फ्युएल पंप रिप्लेस' एवढंच. तोंडी "सिस्टीम लीन दाखवतंय" असं काहीतरी म्हणाला होता.

चाकण_थर्ड_शिफ्ट

मी सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पंप आमचा नाही, पण 'तेच मॉडेल तरी मी का नाही' याचं उत्तर आमच्याच खात्यात तयार होतं.

दोष सहसा मॉडेलमध्ये नसतो, लॉटमध्ये असतो. फ्युएल पंपाचंच घ्या. २०२० पासून जगभर गाजलेलं डेन्सो या जपानी कंपनीच्या पंपांचं प्रकरण. पंपाच्या आत प्लास्टिकचा इम्पेलर फिरतो. काही लॉटमध्ये त्याची घनता कमी राहिली. असा इम्पेलर इंधन शोषून फुगतो, त्याला तडे जातात, मग तो पंपाच्या बॉडीला घासतो आणि पंप थांबतो. चालत्या गाडीत थांबला तर गाडी रस्त्याच्या मधोमध बंद. म्हणून तो सुरक्षेचा दोष ठरला. टोयोटासकट अनेक कंपन्यांनी त्यापायी गाड्या बोलावल्या.

आता संशयित लॉट कोणत्या तारखेला कोणत्या असेंब्ली लाइनवर गेले, त्यावरून चासी नंबरांची यादी निघते. म्हणून तारखा विचित्र दिसतात. मारुतीने जुलै २०२० मध्ये पंपासाठी १,३४,८८५ गाड्या बोलावल्या, त्यात वॅगनआर १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ या काळातल्या आणि बलेनो ८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९ या काळातल्या. बलेनो ५ नोव्हेंबरला तयार झाली असेल तर ती यादीत नाही. डीलर कितीही देवमाणूस असला तरी नाही.

दुसरं एक लक्षात ठेवा. यादी नंतर वाढू शकते. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पंपासाठी ९०,४६८ गाड्या जाहीर केल्या, त्यात २,२०४ जुन्या गाड्या अशा होत्या की ज्यांत दुरुस्तीच्या वेळी तो पंप सुटा पार्ट म्हणून बसवला गेला होता. म्हणजे गाडी मुळात चांगली, बदललेल्या पार्टमुळे यादीत आली. त्यामुळे एकदा 'नाही' दिसलं म्हणून विसरू नका, वर्षातून एखाद्या वेळी परत नंबर टाकून बघा. आणि बदललेल्या पार्टचं बिल फेकू नका.

खडूस_पुणेकर

थर्ड शिफ्ट, प्रतिसाद आवडला. आता हेच सोप्या मराठीत सांगा: फुकट की पैसे?

चाकण_थर्ड_शिफ्ट

यादीत असेल तर फुकट. नसेल तर भांडा.

न्यू_जर्सीची_काकू

आमच्याकडचा अनुभव लिहिते, कारण गोष्ट तीच आहे, फक्त डॉलरमध्ये.

आमच्या गाडीचा सात वर्षांनी चेक इंजिन लागला. डीलरने आधी तपासणीची फी घेतली आणि मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) बदलायला दोन हजारांच्या वरचा आकडा सांगितला. मिस्टर क्रेडिट कार्ड काढायला निघाले होते. मी ग्लव्ह बॉक्समधलं वॉरंटीचं पुस्तक काढून वाचत बसले. (आमच्याकडे ते प्लास्टिकच्या पिशवीतच होतं, नवं कोरं. तुमचंही तसंच असणार.) इथल्या केंद्रीय कायद्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनचा मुख्य कंट्रोलर आणि ऑनबोर्ड डायग्नोस्टिक यंत्रणा यांना ८ वर्षं किंवा ८०,००० मैल वॉरंटी असते. आमचं मैलात बसत होतं. पान उघडून काउंटरवर ठेवलं. तो मुलगा आत गेला, मॅनेजरला घेऊन आला आणि काम फुकट झालं. नुसतं चुकून राहिलं असेल, मला ठाऊक नाही, पण कोटेशन देताना त्याला ते पान आठवलं नव्हतं एवढं खरं.

रिकॉलचं इथे बरं आहे. सरकारची वाहनसुरक्षा संस्था आहे, त्यांच्या संकेतस्थळावर १७ अक्षरी चासी नंबर टाकला की न झालेली रिकॉल दिसतात. काम फुकट करावंच लागतं, पहिल्या खरेदीपासून १५ वर्षांपर्यंत. पूर्वी १० होती, २०१५ च्या कायद्याने वाढवली. आणि रिकॉल जाहीर होण्याआधी तुम्ही त्याच दोषासाठी पैसे खर्च केले असतील तर ते परत मागता येतात. म्हणून बिलं ठेवा या म्हणण्याला शंभर टक्के अनुमोदन.

रोखठोक_नगरी

काकू, माहिती छान, पण अमेरिकेचं पुस्तक नगरच्या काउंटरवर ठेवलं तर तो त्यावर चहाचा कप ठेवेल. इथे कायदा आहे कुठे?

घाटावरचा_वकील

रोखठोक, कायदा आहे, वापर कमी आहे.

२०१२ पासून वाहन उद्योगाच्या संघटनेची ऐच्छिक आचारसंहिता होती. म्हणजे कंपनीने स्वतःहून सांगितलं तर सांगितलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ११०-अ आलं. त्याखाली केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं, आणि मग दुरुस्ती, बदली गाडी किंवा किंमत परत, यांपैकी काहीतरी कंपनीला करावं लागतं. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. दंड वाहनाचा प्रकार आणि संख्येनुसार १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. कंपनीने स्वतःहून दोष कळवून गाड्या बोलावल्या तर हा दंड नाही, त्यामुळे तुम्ही पेपरात वाचता ती बहुतेक सगळी रिकॉल 'स्वेच्छेने' केलेली असतात.

गोदाकाठ यांच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की गाडीमालकाला परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवता येते. तक्रारींची संख्या त्या मॉडेलच्या विक्रीच्या प्रमाणात ठराविक टप्प्यावर गेली की चौकशीचं चक्र फिरतं. एकट्याच्या तक्रारीने पंप बदलून मिळणार नाही, पण सगळे जण फक्त व्हॉट्सॲपवर चिडतात आणि तिथे कोणी लिहीत नाही, हेही खरं.

पैशांसाठी वेगळी वाट. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. बऱ्याच कंपन्या तिथल्या तक्रारीला उत्तर देतात, फुकट आहे. नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच दावा लावता येतो, कंपनीचं मुख्यालय असलेल्या शहरात जायची गरज नाही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, ५ ते १० लाखांना २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. (हे लिहून मी माझ्याच पोटावर पाय देतोय.) कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करायचं. गाडीत दोष होता हे सिद्ध करायला मात्र कागद लागतो, आणि तुमच्या जॉब कार्डवर सध्या काहीच नाही. साडेचौदा हजारांसाठी मी तरी आयोगापर्यंत जा म्हणणार नाही, पण कागद असा जमवा की जणू जायचंच आहे.

व्यवस्थापक

आठवण: स्वतःच्या तक्रारीत डीलरचं किंवा कंपनीचं नाव लिहू नये. जाहीर झालेल्या रिकॉलबद्दल नावानिशी बोलायला हरकत नाही. वरचे दोन प्रतिसाद या कारणाने संपादित केले आहेत.

वेताळटेकडी

माझा एअरबॅगचा दिवा. गाडी सेकंडहॅंड, २०१६ ची. वर्कशॉप म्हणालं एअरबॅगचा कंट्रोलर बदला, चाळीस हजार. मी ऑनलाइन सातशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला, त्यात एकही कोड नाही. म्हणजे वर्कशॉप खोटं बोलतंय ना?

तेलकट_हात

नाही. स्वस्त स्कॅनर बहुतेक फक्त इंजिनचे कोड वाचतात, एअरबॅग आणि एबीएसचे (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) कंट्रोलर त्यांना दिसतच नाहीत. त्यामुळे तुमच्या स्कॅनरच्या 'शून्य कोड'ला अर्थ नाही.

पण चाळीस हजार भरू नका अजून. एअरबॅगचा दिवा लागायची दोन नेहमीची कारणं म्हणजे सीटखालचा पिवळा कनेक्टर सैल होणं आणि स्टिअरिंगमधली स्पायरल केबल तुटणं. सीट पुढेमागे करताना किंवा खालून मॅट धुताना कनेक्टर हलतो. हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणं पण बंद पडली असतील तर केबल. कोडचा पूर्ण आकडा लेखी मागा. मात्र तो कनेक्टर घरी उचकटू नका. बॅटरी जोडलेली असताना एअरबॅगच्या वायरिंगशी खेळणं हा मूर्खपणा आहे.

वेताळटेकडी

हॉर्न कधीतरीच वाजतो. मला वाटलं पुण्यात वापरून वापरून झिजला.

खडूस_पुणेकर

हसून हसून पुरेवाट.

भाट्याची_खाडी

एअरबॅगचा विषय निघालाच आहे तर सेकंडहॅंड गाडी घेणाऱ्यांनी हे वाचाच.

मी रत्नागिरीत एक जपानी बनावटीची जुनी सेडान घेतली, तिसरा मालक. घेऊन झाल्यावर सहज चासी नंबर टाकला, तर ड्रायव्हरच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर (ती फुगवणारा भाग) बदलायचं रिकॉल तसंच पडलेलं. पहिल्या मालकाला पत्र गेलं असणार, तो गाडी विकून मोकळा. रिकॉल गाडीच्या नंबराला चिकटलेलं असतं, मालकाला नाही. मी कोल्हापूरला फोन करून वेळ घेतली, पार्ट यायला थोडे दिवस लागले, काम विनामूल्य. कोणी कागद मागितला नाही, आरसी दाखवली तेवढीच.

हे टाकाटा या जपानी एअरबॅग कंपनीचं प्रकरण. इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होतं, आणि बऱ्याच प्रकारांत ओलावा शोषणारं द्रव्य घातलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं उष्मा आणि दमट हवा लागली की ते बिघडतं, मग एअरबॅग उघडताना धातूचं कवच फुटून तुकडे तोंडावर येतात. फक्त अमेरिकेत ६ कोटी ७० लाखांच्या आसपास इन्फ्लेटर त्यात होते. भारतात होंडाने बरेच टप्पे केले, २०१८ च्या जानेवारीत २२,८३४ गाड्यांचा एक. ज्यांच्या गाड्या कोकण, गोवा, मुंबईच्या हवेत आहेत त्यांनी हे अंगावर काढू नये. आणि यात कुठलाही दिवा लागत नाही. दिवा नाही म्हणून गाडी ठीक, असं धरू नका.

न्यू_जर्सीची_काकू

अगदी. इथे पण नवीन गाडी रिकॉल केल्याशिवाय विकता येत नाही, पण वापरलेली गाडी विकणाऱ्यावर तसं केंद्रीय बंधन नाही. भाड्याच्या गाड्यांना मात्र २०१६ पासून आहे, ३५ पेक्षा जास्त गाड्या असलेल्या कंपन्यांना.

घोडबंदर_रोड

आमची व्यथा डिझेलची. बीएस६ डिझेल एसयूव्ही, नवी कोरी, डीपीएफचा दिवा. धुरातली काजळी धरणारी जाळी भरली म्हणे. वर्कशॉप म्हणतं हे वॉरंटीत नाही, "सर, तुम्ही हायवेला चालवत नाही ना." घर ते ऑफिस सात किलोमीटर, दीड तास. विकताना कोणी विचारलं नाही रोज किती चालवणार म्हणून. तेव्हा "मायलेज बघा सर" चालू होतं.

तेलकट_हात

घोडबंदर, यात कंपनी सुटते खरी. ती जाळी स्वतःची काजळी जाळून साफ करते, पण त्यासाठी एक्झॉस्ट भरपूर तापावा लागतो. ट्रॅफिकमध्ये रांगून तो तापत नाही. पिवळा दिवा लागल्या लागल्या मोकळ्या रस्त्याला एका लयीत वीस-पंचवीस मिनिटं चालवली तर बहुतेक वेळा विझतो. दुर्लक्ष केलं की गाडी ताकद कमी करते, मग वर्कशॉपला कॉम्प्युटर लावून साफ करावी लागते आणि त्याचं बिल येतं. शहरातच चालवणार असाल तर बीएस६ डिझेल घेऊच नये असं माझं मत.

रोखठोक_नगरी

तेलकट, इथे असहमत. जाळी भरणं ही गाडीची मर्यादा आहे आणि ती विकताना सांगितली नाही. मॅन्युअलच्या आतल्या पानावर छापलं म्हणजे सांगितलं होत नाही. यात ग्राहकाची चूक काय?

घाटावरचा_वकील

रोखठोक यांच्याशी सहमत. माहिती न देणं हाही ग्राहक कायद्याखाली मुद्दा होऊ शकतो. पण पुन्हा तेच, विक्रेत्याने तोंडी काय सांगितलं ते सिद्ध कसं करणार? गाडी घेताना 'रोज सात किलोमीटर शहरात चालवतो, डिझेल चालेल का' हा प्रश्न ईमेलवर विचारा. उत्तर आलं तरी फायदा, नाही आलं तरी.

माजघर

आमच्याकडे चेक इंजिन लागला तो उंदरामुळे. वायर कुरतडली. वॉरंटी नाही म्हणाले, विम्याकडे पाठवलं. ॲडव्हायझर म्हणाला, बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवा.

सुपारी_कात्री

आमचा उंदीर तंबाखू खाऊन गेला आणि वायर पण.

खडूस_पुणेकर

तो नाशिकचा असेल.

माजघर

डांबराच्या गोळ्या, पुदिन्याचा स्प्रे, खाली जाळी, सगळं झालं. शेवटी गाडी मांजर असलेल्या बंगल्याबाहेर लावायला लागलो. आता सीटवर केस.

व्यवस्थापक

उंदरांसाठी वेगळा धागा आहे. तो साडेतीनशे प्रतिसादांवर आहे. कृपया तिकडे.

गोदाकाठ

अपडेट देतो. तेलकट_हात यांनी सांगितल्याप्रमाणे परत गेलो आणि तीन गोष्टी मागितल्या: कोड लेखी, इंधनाचा दाब मोजून आकडा लेखी, आणि दोन्ही जॉब कार्डवर. ॲडव्हायझर जरा नाराज झाला. "सर, विश्वास नाही का?" मी म्हटलं विश्वास आहे, म्हणूनच इथे आलो, नाहीतर बाहेर गेलो असतो.

कोड पी०१७१. गेज लावल्यावर इंधनाचा दाब व्यवस्थित निघाला. मग फोरमन स्वतः आला, वयस्कर माणूस, त्याने बॉनेट उघडून पाइप दाबून बघितले, एक बारीक नळी चिमटीत धरली आणि इंजिनची थरथर थांबली. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता, तिथून नको तेव्हा हवा शिरत होती. तो बदलला. तपासणी धरून तीन हजारांच्या आत. दिवा गेला, परत लागलेला नाही.

तेलकट_हात

म्हणजे पंप नव्हताच. पी०१७१ म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. इंधन कमी पडणं हे एक कारण, पण नको तिथून हवा शिरणं हे त्याहून जास्त वेळा आढळणारं. फक्त उभ्या गाडीत थरथर आणि वेगात ठीक, हे तर हवेकडेच बोट दाखवतं. तो फोरमन धरून ठेवा, पुढच्या वेळी त्यालाच भेटा. प्रत्येक वर्कशॉपात असा एक जण असतो, आणि काउंटरवर कधीच नसतो.

रोखठोक_नगरी

आणि सही केली असती तर? साडेचौदा हजारांचा पंप बसला असता, दिवा दोन दिवस विझला असता कारण कोड पुसला असता, मग परत लागला असता. मग "सर, आता इंजेक्टर." मी तुमच्या जागी असतो तर कंपनीला मेल टाकला असता.

गोदाकाठ

मेल टाकलाय. जुनं आणि नवं दोन्ही जॉब कार्ड जोडून. 'आपला अनुभव आम्हाला मोलाचा आहे' असं उत्तर आलंय.

खडूस_पुणेकर

अभिनंदन. आता तो मेल फ्रेम करून डॅशबोर्डवर लावा, दिवा झाकला जाईल.

सातपूर_गॅरेज_प्रेमी

याचसाठी मी वॉरंटी संपली की अधिकृत वर्कशॉपची पायरी चढत नाही. बाहेरचा मेकॅनिक पहिल्यांदाच नळी दाबतो.

चाकण_थर्ड_शिफ्ट

सरसकट म्हणू नका. रिकॉलचं काम फक्त अधिकृत ठिकाणीच होतं, आणि कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बदलणं हेच आता कितीतरी रिकॉलचं काम असतं. २०१५ च्या डिसेंबरात फोक्सवॅगनने भारतात ३,२३,७०० डिझेल गाड्या जाहीर केल्या, तेव्हाही उपाय मुख्यतः सॉफ्टवेअरचाच होता. ते तुमचा सातपूरवाला कसं करणार? वर्षातून एक सर्व्हिस तरी तिथे करा, कॅम्पेन ओपन असेल तर त्यांच्या सिस्टीमला दिसतं.

इंद्रायणी_एक्स्प्रेस

उशिरा आलो, सगळं वाचलं. पण मूळ प्रश्न राहिलाच की. गोदाकाठ यांचं नशीब म्हणून व्हॉल्व्ह निघाला. खरंच पंप गेला असता, गाडी यादीत नसती, वॉरंटी संपलेली असती, तर काय?

तेलकट_हात

तर 'गुडविल' मागायचं. हा शब्द काउंटरवर कोणी स्वतःहून उच्चारत नाही. वॉरंटी संपल्यावरही कंपनीचा विभागीय सर्व्हिस मॅनेजर पार्टचे सगळे किंवा काही पैसे मंजूर करू शकतो. हक्क नाही, मर्जी आहे. पण गाडी सगळ्या सर्व्हिसला तिथेच आलेली असली, वॉरंटी संपून फार काळ झालेला नसला, आणि त्याच पार्टचं त्याच मॉडेलसाठी रिकॉल झालेलं असलं, तर मंजूर होताना मी अनेकदा पाहिलंय. बहुतेक वेळा पार्ट कंपनीचा, मजुरी तुमची असा तोडगा निघतो. काम करायच्या आधी मागायचं. बिल भरल्यावर कोणी ऐकत नाही. काढलेला पंप डिकीत टाकून घरी आणा, पैसे तुम्ही दिलेत तर तो तुमचाच आहे.

घाटावरचा_वकील

आणि नकार आला तर तो लेखी घ्या. 'यादीत नाही' एवढंच नको, कोड, दाबाचा आकडा आणि पंप बिघडल्याचं निदान असलेलं जॉब कार्ड. पुढे यादी वाढली तर हाच कागद पुढे करता येईल. वाहन पोर्टलवरची तक्रार त्याच दिवशी नोंदवा.

इंद्रायणी_एक्स्प्रेस

धन्यवाद. दिवा लागलेला असताना गाडी चालवावी का, यावर मात्र कोणी बोललं नाही.

तेलकट_हात

पिवळा, स्थिर: सावकाश वर्कशॉपपर्यंत चालेल. पिवळा पण लुकलुकणारा: मिसफायर होतोय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन ते तापवतं, पाय हलका करा आणि लवकर थांबवा. लाल, ऑइलचा किंवा तापमानाचा: तिथल्या तिथे बाजूला, इंजिन बंद, टो बोलवा. 'पुढच्या चौकापर्यंत' म्हणून नेलेली इंजिनं माझ्याकडे उघडून पडलीत.

वेताळटेकडी

स्पायरल केबलच निघाली. हॉर्न पण वाजतोय. सहा हजार.

खडूस_पुणेकर

चौतीस हजार वाचले आणि शहराची शांतता गेली.

कसबा_दुचाकी

हे रिकॉलचे नियम दुचाकीला लागू आहेत का? माझ्या बाइकचा एबीएसचा दिवा विझत नाही आणि शोरूमवाला म्हणतो, "पावसाळ्यात असं होतं."

घाटावरचा_वकील

लागू आहेत. आणि पावसाळ्याचं कारण जॉब कार्डवर लिहून द्यायला सांगा, बघा लिहितो का.